न कापलेली पानं

पुस्तकांवर लोकांची मतं मले इचारूच नका. माही कादंबरी छापून आली तवा नव्या पुस्तकाची पानं कडेले जोडलेली येत, चाकूनं कापल्याबिगर वाचताच येत नसे. अकोल्याच्या वाचनालयात एक वकीलसाहेब दर इतवारी नव्या पुस्तकांवर बोलत. त्या दिवशी म्हणाले, पाकशास्त्र उत्तम, प्रवासवर्णन लांबलेलं, आन् माह्या कादंबरीचा शेवट पार फसलेला.

मी उठून तिथलीच प्रत सगळ्यायले दाखवली. "साहेब, याचं एकबी पान कापलेलं नाई!"

"न कापताच इतका कंटाळा आला," वकीलसाहेब म्हणाले, "कापलं असतं तर काय झालं असतं?"

सारी सभा हसली.

शेवट वाचून लय रडली, असं बायको म्हणाली होती. म्हणून घरी येऊन तिची प्रत काढली. तीबी जोडलेलीच.