आईच्या गुडघ्याची गोळी

गुडघ्याच्या गोळीचं विचारतोयस ना भिया, मग आमच्या आईचं ऐक. ती मूळची मालवणची, लग्नानंतर देवासची. बाबा गेले तेव्हा तिने मासे सोडले. पुढे गुडघे धरले, डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, आणि बाई चक्क इथली टेकरी चढून देवीला जाऊन आली.

मग धाकट्याने डबी वाचली. "आई, ये तो झिंगे के छिलके से बनती है. कोळंबीच्या सालीची."

आई म्हणाली, "डबी उघडली तेव्हाच वास आला होता मला."

"मग घेत कशाला होतीस?"

"तोवर कोणी बोललं नव्हतं. आता तू बोललास."

त्यानंतर तिने डबीला हात लावला नाही. आता टेकरीवरची आरती ऐकू आली की पलंगावरूनच हात जोडते.