ऑक्टोपसच्या दिवशी मी होतो

...आणि वर लिहितात काय, तर 'कळवण्यास खेद होतो'! अहो, खेद तुम्हाला कशाला? खेद मला व्हायला पाहिजे! 'आपण आपल्या पाल्याच्या भाषणाला अनुपस्थित राहिलात.' अनुपस्थित! मी! तुम्हाला सांगतो, मी होतो! शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे, पाठीला भिंत आणि नाकाला खांब, असा पूर्ण कार्यक्रमभर होतो! आणि आता बघा, गैरहजर पालकांची खास सभा, विषय काय, 'पालकांच्या उपस्थितीचे महत्त्व', आणि खाली ठळक अक्षरात, उपस्थिती अनिवार्य! म्हणून तुम्ही-आम्ही सगळे सातवीच्या वर्गात या एवढ्याएवढ्या बाकांवर गुडघे पोटात घेऊन बसलोय. आणि उपस्थितीचं महत्त्व सांगणाऱ्या मोठ्या बाई कुठायत? त्या अजून यायच्यात!

तुम्ही खरोखरच आला नव्हता ना? मग तुमचं बरं आहे. चोरी केली, पकडले गेलात, हिशोब मिटला. माझं काय? मी तर... जाऊ दे. नाही, जाऊ कसं दे? ऐकाच आता. बाई येईपर्यंत दुसरं काय करणार आहात तुम्ही, फळ्यावरची समीकरणं सोडवणार?

पोरगी सहावीत होती तोवर कसं सुटसुटीत होतं. निकालाला जायचं, सही करायची, 'अक्षर सुधारायला सांगा' एवढं ऐकून घरी यायचं. सातवी लागली आणि सुरू झाले उपक्रम! विज्ञान प्रदर्शन, उपस्थिती अनिवार्य. कुंड्यांमधल्या रोपांना पाणी घालायचा कार्यक्रम, उपस्थिती अनिवार्य. बुद्धिबळाचे सामने... बुद्धिबळाचे हो! काय बघायचं त्यात? एक पोरगं डोकं खाजवतं, दुसरं नाक खाजवतं, आणि चाळीस पालक श्वास रोखून बघतायत की आता कोण काय खाजवतो! आणि सही कुठे? बाहेर पडताना, मोठ्या दारात. आधी सही आत शिरताना घ्यायचे, तेव्हा पालक सही करून मागच्या पावली पसार व्हायचे. म्हणून आता आधी बघा, मग सही. शाळा शहाणी झाली!

आमची ही नर्स आहे, दिवसपाळी. तिला म्हटलं, एखाद्या वेळी तू जा. तर म्हणते, "अहो, वॉर्डातल्यांना सांगू का, आज जरा आपापलं बघा, माझ्या लेकीचं बुद्धिबळ आहे? तुम्ही दुपारचे मोकळेच असता, तुम्हीच जा." मोकळा! मी पहाटे कामाला लागतो, दुपारी माझे डोळे मिटलेले असतात, त्याला ही मोकळा म्हणते! त्या विज्ञान प्रदर्शनाला मी काय केलं माहितीय? ज्वालामुखीच्या शेजारी खुर्ची होती, तिच्यावर बसलो आणि झोपलो. गाढ! ज्वालामुखी फुटला, तरी मी झोपलेला! उठलो, सही केली, घरी आलो. संध्याकाळी शाळेचा निरोप, 'आपल्या सक्रिय सहभागाबद्दल आभार.' तेव्हा मी हजर. आणि ऑक्टोपसच्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मी होतो, डोळे टक्क उघडे ठेवून होतो, तर मी गैरहजर!

ऑक्टोपस? सांगतो ना. पण आधी माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला माझं दुःख कळायचं नाही. मी भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतो. हां, आता लक्षात आलं ना, आवाज असा का ते! अहो, एकीकडे ट्रक मागे घेतायत, एकीकडे हमाल ओरडतायत, मधे मी खोक्यावर उभा, "कोबी, ताजा कोबी, वर चला, वर चला, एकवार, दोनवार..." आणि घेणारे व्यापारी? ते तोंड उघडत नाहीत! शेजारच्याला कळू नये म्हणून सगळा कारभार खुणांचा. भुवई उडाली, बोली वाढली. करंगळी हलली, वाढली. अंगठा हनुवटीला लागला, म्हणजे थांब, मी विचार करतोय, मधे बोलू नको आणि माल दुसऱ्याला देऊ नको. त्या गर्दीतून ती एक करंगळी मला दिसते. डोळा आणि घसा, दोघांवर घर चाललंय आमचं. पोरगी लहान होती तेव्हा सुट्टीला यायची माझ्याबरोबर. रिकाम्या खोक्यात बसून सगळं बघायची आणि घरी येऊन बाहुल्यांचा लिलाव करायची. बाहुल्या विकायची, बाहुल्यांनाच!

तर हा घसा. तो बाजारात ठेवून येता येत नाही हो. खेळांच्या दिवशी उंच उडी होती. पोरीची पाळी आली, ती धावत निघाली, आणि माझ्या तोंडून आपोआप, "वर चला, वर चला!" मी आपला लेकीला सांगतोय! पण दांडीच्या दोन बाजूंना दोन सर उभे होते, त्यांना वाटलं वरून हुकूम आला. त्यांनी दांडी वर घेतली! ही हवेत, दांडी पण हवेत... दांडीसकट गादीवर आली पोरगी. सगळं मैदान हसलं. खरं सांगायचं तर मीपण हसलो, इतकं ते मजेशीर दिसलं. ती नाही हसली.

मग एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, वर्गात 'भोंगा' म्हणतात."

मी म्हटलं, "म्हणू दे गं. आपल्याला काय फरक पडतो?"

"तुम्हाला नाही म्हणत. मला म्हणतात."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ज्या आवाजावर तिचं दप्तर आलं, बूट आले, तो आवाज तिच्या पाठीला चिकटलाय आणि पोरं बोटं दाखवतायत. ही गेल्या वर्षीपर्यंत माझं बोट धरून रस्ता ओलांडायची. आता रस्त्यात भेटलो तर चपलेचा पट्टा बघते. वयच तसं असतं म्हणा, मला कळतं. माझे वडील शाळेत आले की मीसुद्धा पाण्याच्या टाकीमागे उभा राहायचो. पण कळतं म्हणून टोचायचं राहतं का?

आणि गंमत बघा. शाळा म्हणते, आलंच पाहिजे. पोरगी म्हणते... ती काय म्हणते? ऑक्टोपसच्या भाषणाच्या आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेक अट सांगायला लागली. शेवटची रांग. खांबामागची खुर्ची. बाजारातलं जाकीट नको. हात हलवायचा नाही. टाळ्या सगळ्यांबरोबर सुरू करायच्या आणि सगळ्यांच्या आधी थांबवायच्या. संपल्यावर मोठ्या दारात माझी वाट बघायची नाही, बाजूच्या दारानं, सायकलींकडून, सरळ घरी. आणि काहीही झालं तरी, बाबा, काहीही झालं तरी, तोंडातून आवाज नाही.

मी म्हटलं, "अगं, मग येऊच नका म्हण ना! मी झोपतो घरी, दोघांची सोय!"

तर खाली बघून म्हणाली, "नाही. या. पण नसल्यासारखे या."

आता मला सांगा, नसल्यासारखं यायचं म्हणजे कसं यायचं? पण ते 'या' ती इतकं हळू म्हणाली ना... बाजारात इतक्या हळू कोणी बोली लावली असती तर मी तिथेच माल देऊन टाकला असता. मी शब्द दिला. म्हटलं, आवाज नाही.

आणि तुम्हाला सांगतो, मी होतो! प्रत्येक मुलानं एकेका प्राण्यावर बोलायचं होतं. कुणाचा जिराफ, कुणाचं वटवाघूळ, एका पोराचा बेडूक तर संपता संपेना. मग आमचा ऑक्टोपस. भाषण मला तोंडपाठ! महिनाभर घरात दुसरं काय होतं? भाकऱ्या करताना ऑक्टोपस, अंघोळीला ऑक्टोपस. मी बाजारात एकदा कोबीऐवजी ऑक्टोपस पुकारता पुकारता राहिलो. खांबाच्या कडेनं एक डोळा काढून बघतोय. छान चाललंय. आठ हात झाले, निळं रक्त झालं. "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आणि पोहताना त्यातलं एक..."

आणि थांबली.

आधी वाटलं, श्वास घेतेय. श्वास संपला. पुन्हा, "त्यातलं एक..." आणि गप्प. सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. आणि मला माहितीय हो पुढचं! बंद पडतं! पोहताना त्यातलं एक बंद पडतं! दोन शब्द! माझ्या दातांवर येऊन बसलेत! मी नुसते ओठ उघडले असते ना, तर तिलाच काय, बाहेर रस्त्यावर सगळ्यांना कळलं असतं ऑक्टोपसचं काय होतं ते! तिला तीन हृदयांचं पडलंय, इथे माझं एकच, तेही बंद पडायला आलेलं! शब्द दिलाय. पण लेक बुडतेय. बुडणाऱ्या लेकीसमोर शब्द कसला पाळताय? मी अर्धा उठलो. खांबाबाहेर आलो. छातीत हवा भरली...

आणि तिनं मला बघितलं. सरळ. एवढ्या सगळ्या डोक्यांवरून. आणि अंगठा हनुवटीला लावला.

थांब. विचार करतेय. मधे बोलू नको.

अहो, त्या सभागृहात ती खूण दुसऱ्या कुणाला कळणार? सगळ्यांना वाटलं, पोरगी गोंधळलीय. मी सगळी हवा गिळली आणि खाली बसलो. तोंडावर हात नाही, रुमाल कोंबला तोंडात. किती वेळ गेला कोण जाणे. त्या शांततेत मला एक गोष्ट कळली, की आजवर तिच्यासाठी ओरडणं सोपं होतं, त्याला काही लागत नाही. ती अडलेली असताना आपण बसून राहायचं आणि तिला तिचं सापडेल असं मानायचं... याला जीव लागतो हो. कुठल्या उपक्रमात हे शिकवतात?

आणि ती बोलली! "पोहताना त्यातलं एक थांबतं. पण ऑक्टोपस मरत नाही. तो तळाशी जातो, हळूहळू चालायला लागतो, आणि ते परत सुरू होतं." हे असं लिहिलेलं नव्हतं! मला पाठ आहे ना, मला माहितीय! हे तिनं तिथं उभं राहून जुळवलं! टाळ्या पडल्या. मी सगळ्यांबरोबर सुरू केल्या, सगळ्यांच्या आधी थांबवल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडात रुमाल, आणि ठरल्याप्रमाणे बाजूच्या दारानं, सायकलींकडून, सरळ घरी.

सायकलींकडून! आणि सहीची वही कुठे? मोठ्या दारात! हं. आता आलं ध्यानात?

काय म्हणालात, मुलीनं शाळेत का नाही सांगितलं? सांगितलं ना! तेच तर सांगायचंय तुम्हाला. हा खेदाचा निरोप आल्यावर मी वर्गाच्या बाईंना फोन लावला. अगदी हळू आवाजात बोललो, तर त्या म्हणाल्या, "कोण बोलतंय?" म्हटलं, "बाई, मी हिचा बाबा, मी होतो!" तर त्या म्हणाल्या, "अहो, तुमची मुलगीही तेच म्हणाली. मी वर्गात विचारलं, कुणाचे पालक आले नव्हते, तर ही आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, माझे बाबा आले होते."

वर्गात. सगळ्या पोरांसमोर. उभी राहून. मला घरी एका शब्दानं बोलली नाही हो ती!

मी म्हटलं, "मग बाई? ती सांगतेय ना?"

तर म्हणाल्या, "मुलं आईवडिलांना पाठीशी घालतात, आम्हाला सवय आहे. आणि राग मानू नका, पण तुम्ही आला असतात, तर आम्हाला ऐकू आलं नसतं का?"

तोंडाशी आलं होतं, की बाई, खांबामागची खुर्ची बघा, माझ्या डोळ्यांच्या पाण्यानं अजून ओली असेल. आणि मग लक्षात आलं, की पुऱ्या शाळेत एकालाही पत्ता लागलेला नाही! जसं तिनं सांगितलं होतं, अगदी तसं जमलं मला, आयुष्यात पहिल्यांदा! मी म्हटलं, "बरोबर आहे बाई तुमचं. नव्हतो मी."

म्हणून बसलोय हा तुमच्यात. इतक्या कष्टानं मिळवलेली गैरहजेरी आहे, अशी कशी हातची जाऊ देऊ?