हजार हॉर्सपॉवरच्या गाडीची पूजा

नाव सुभद्रा सीताराम घाडीगावकर, वय ६३ वर्षे, धंदा मसाला दळून देणे, राहणार मुकादम चाळ, दुसरा मजला, लालबाग, मुंबई.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती सीताराम, वय ७१, यांच्यासह राहते. चाळीच्या तळमजल्यावर माझी मसाल्याची चक्की आहे. माझे पती सुखरूप असून आता बाहेरच्या बाकावर चहा पीत बसले आहेत. हे सर्वांत आधी लिहून घ्यावे. हितेंद्रविरुद्ध माझी तक्रार आहे का, असे मला विचारण्यात आले, ते शेवटी सांगते.

हितेंद्र आनंदा तावडे हा आमच्या शेजारच्या खोलीत लहानाचा मोठा झाला. त्याची आई कामावर जायची, त्यामुळे दुपारी त्याला जेवायला मी हाक मारायचे. गॅलरीतून मारलेली हाक त्याला नाक्यापर्यंत ऐकू जायची. आता त्याचा मोठा धंदा आहे आणि तो वरळीला राहतो. आज सकाळी तो नवी गाडी घेऊन पूजेसाठी चाळीत आला. आमच्या चाळीतल्या कोणाचीही नवी गाडी असो, स्कूटर किंवा टॅक्सी, पूजा माझे पतीच करतात.

सदर गाडी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही एकातच. तिला हजाराच्या वर हॉर्सपॉवर आहेत, असे हितेंद्रने मला तीनदा सांगितले. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर गाडीचे पोट घासले, तेव्हा शेजाऱ्यांनी फळ्या टाकून ती आत आणली. त्या वेळी हजार हॉर्सपॉवर कुठे गेले होते, ते मला माहीत नाही.

माझ्या पतींची पद्धत अशी की, चाकांपुढे लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा, आणि इंजिनचा आवाज आला की बाजूला व्हायचे. इतक्या वर्षांत यात कधी चूक झाली नाही. आजही नारळ फोडल्यावर ते गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसून करवंटीचे तुकडे वेचत होते, चाकात जाऊ नयेत म्हणून. पूजेसाठी मी चक्की बंद करून दारात उभी होते.

त्याच वेळी राजेश कासले, हितेंद्रचा शाळेपासूनचा दोस्त, परळला गॅरेज आहे, तो खिडकीतून आत डोके घालून स्टिअरिंगवर बसलेल्या हितेंद्रशी वाद घालत होता. मी ऐकले ते असे:

"हॉर्सपॉवरला आता कोण विचारतो रे? पहिला झटका बॅटरी देते. तुझा आकडा पार्टीत सांगायला ठीक आहे."

"तुझ्याकडे स्कूटर येतात राजा, म्हणून असं बोलतोस. शेवटी हॉर्सपॉवरच लागते."

"मग चालू तर कर! ऐकू दे तुझे हजार घोडे."

"चालूच आहे, येड्या. बॅटरीवर आहे. हे बघ."

असे म्हणून हितेंद्रने राजेशकडे बघत पाय दाबला. गाडीचा आवाज झाला नाही. लिंबू फुटल्याचा आवाज मात्र मला आला. माझे पती खालीच बघत होते, कारण त्यांच्या हिशोबाने गाडी बंद होती. मी "हितू!" अशी हाक मारली, जेवायला बोलावतात तशी. गाडी जागच्या जागी थांबली. तिचे नाक माझ्या पतींच्या टोपीला टेकले होते. टोपी पडली, ते मागच्या मागे बसले आणि कोपर खरचटले. अन्य इजा नाही, हॉस्पिटलचा कागद सोबत देत आहे.

त्यानंतर मी पतींचे दोन्ही हात चाचपून पाहिले आणि भर गल्लीत त्यांनाच शिव्या दिल्या, असे शेजारी सांगतात. मला आठवत नाही. पती म्हणाले, "अगो, पण गाडी चालू खय झाली?" हितेंद्र खाली उतरला आणि रस्त्यातच बसून रडला. म्हातारा गाडीखाली आला, असा फोन गर्दीतून कोणीतरी केल्याने पोलीस आले.

गाडीला आवाज नव्हता म्हणून माझे पती फसले, हे खरे आहे. पण इंजिन गरजत असते तर माझी हाक हितूला ऐकू गेली नसती, हेही तितकेच खरे आहे. हॉर्सपॉवर मोठी, बॅटरी मोठी की ब्रेक मोठा, यावर हितेंद्र आणि राजेशचे बाहेर अजून चालू आहे आणि आता माझे पतीही त्यात बोलू लागले आहेत. त्यांचा आवाज इथे आत येतो आहे. सकाळपासून एवढे बरे मला वाटले नव्हते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हितेंद्रवर माझा राग आहे, तो मी घरी काढीन. त्याला दुपारी जेवायला बोलावले आहे.

हा जबाब हवालदार सीमाताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "आरडाओरडा केला" असे टाइप झाले होते. ते काढायला लावून मी "हाक मारली" असे करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

सौ. सुभद्रा सीताराम घाडीगावकर