पाटीवरची खालची ओळ

सिस्टर : नुसते उभे राहू नका, बाबा. पेटीच्या भोकातून हात आत घाला आणि हाक मारा तिला.

पेंटर : हात घालतो. हाकेचं तेवढं तुम्ही बघा.

सिस्टर : माझ्याकडे अशा सात पेट्या आहेत. वेळेआधी आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. तळव्याला बोट लावायचं, हाक मारायची, की आठवतं त्यांना. तुमची पोरगी सकाळपासून तीनदा विसरली.

आजी : मी मारते की हाक.

सिस्टर : आजी, तुम्ही 'मंदे' म्हणता आणि लगेच रडायला लागता. तिने श्वास घ्यायचा की तुमची समजूत काढायची?

आजी : जिभेला सवय आहे हो. तीस वर्षं लेकीला याच नावाने हाक मारली.

सिस्टर : मग बाळाला आईचंच नाव दिलंत कशाला?

पेंटर : दिलं नाही, चुकून गेलं. त्या दिवशी खाली नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नाव? मला वाटलं, आत जिचं ऑपरेशन चाललंय तिचं विचारताहेत. मी सांगितलं. त्यांनी ते बाळाच्या पायातल्या पट्टीवर लिहिलं. तासाभराने ती गेली.

सिस्टर : अर्ज द्या, पट्टी बदलून मिळेल.

आजी : अर्जबिर्ज काही नको. तेवढंच राहिलंय तिचं. पट्टी कापलीत तर मी इथून हलायची नाही.

पेंटर : आई, मी कुठे कापा म्हणतोय? मला फक्त भीती वाटते. नऊ दिवसांपूर्वी याच मजल्यावर मी तिला त्या नावाने हाका मारल्या. लग्नानंतर पहिल्यांदा. एरवी 'अगं' म्हणायचो. नाव घेऊन बोलावलं आणि ती गेली. आता तेच नाव घेऊन हिला बोलावू?

सिस्टर : नाव घेतल्याने कोणी जात नाही, बाबा.

पेंटर : ते तुम्हाला कळतं. मलाही कळतं. घशाला कळत नाही.

सिस्टर : मग त्याच नावातलं लाडाचं काहीतरी काढा. पण आत्ता ठरवा आणि सगळ्यांनी तीच हाक मारा. रोज नवी नको.

आजी : मंदा?

पेंटर : तसं तिचे बाबा म्हणायचे. तेही गेले.

आजी : मंदू?

पेंटर : कामावरच्या मैत्रिणी म्हणायच्या. परवा बाहेरच्या बाकावर बसून तेच म्हणत रडत होत्या.

आजी : एवढं लांबलचक नाव, आणि त्याचा एकेक तुकडा वापरून झालाय. आता उरलं काय?

पेंटर : खालची ओळ उरलीये.

आजी : कुठली खालची ओळ?

पेंटर : आपल्या दारावरच्या पाटीची. गावभरच्या पाट्या रंगवतो मी, आणि बायकोच्या नावाला जागा पुरली नाही. 'मंदा' वर बसलं, 'किनी' खाली उतरलं. पुसायला निघालो तर म्हणाली, राहू द्या. वरची ओळ सगळ्यांची, खालची किनई तुमची.

आजी : किनई. बोलायला लागली तेव्हापासून तोंडात तेच. मी किनई पडले, मी किनई जेवणार नाही. मास्तर छड्या मारून थकले.

सिस्टर : किनई चांगलं आहे. छोटं, सुटसुटीत.

आजी : नको. त्यात 'नाही' आहे. की नाही. एवढ्याशा पोरीला हाक मारायची आणि तीच विचारायची, आहेस की नाही? मला नाही ऐकवत.

पेंटर : नऊ दिवस मी दुसरं काय विचारतोय, आई? तोंडाने विचारलं नाही, एवढंच.

(पेटीवरचं यंत्र वाजू लागतं.)

सिस्टर : विसरली. तळव्याला बोट लावा. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघा.

पेंटर : लावलंय. ही हलत नाहीये. सिस्टर, ओठ निळे पडताहेत.

सिस्टर : दिसतंय मला. मी इथेच आहे. हाक मारा.

पेंटर : नाही येत.

आजी : मारा हो. कुठलीही मारा.

पेंटर : किनई.

सिस्टर : मला ऐकू आली नाही, तिला कशी येणार?

पेंटर : किनई. ए किनई. बाबा बोलतोय. आहेस, किनई?

सिस्टर : बोट काढू नका. पोटाकडे बघा.

आजी : काय झालं? मला डोळ्यांतल्या पाण्याने दिसत नाहीये. कोणीतरी बोला.

सिस्टर : घेतला. ऑक्सिजनचा आकडा चढतोय. हे बघा, पाय आखडून घेतला. राग आलाय तिला.

पेंटर : परत विसरली तर?

सिस्टर : विसरेल. आज विसरेल, उद्याही विसरेल. तुम्ही परत विचारायचं. पेटीवर हाक लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्या सिस्टरही तीच मारतील.

पेंटर : पेन द्या, मी लिहितो.

आजी : जागा एवढीशीच आहे हो तिथे.

पेंटर : असू दे. तीनच अक्षरं आहेत. जागा पुरेल.

सिस्टर : आजी, तुम्ही आता घरी जाऊन थोडं पडा. चेहरा बघा किती ओढलाय.

आजी : नको. मी किनई, इथेच बसते.