डूसेच्या कामाचा दगड

— ती टोपी आधी डोक्यावर घाल बघू. घाल म्हणतो ना! पोलिसानं टोपी हातात घेऊन दारात उभं राहायला माझं दुकान म्हणजे काय चर्च आहे? आणि पुढचं दार सोडून मागून कशाला आलास चोरासारखा? बरं, आलास तर बस. त्या खुर्चीत बस, लहानपणी तुला उंच बसवायला जिच्या दोन हातांवर फळी टाकायचो तीच ती — पहिल्यांदा केस कापले तेव्हा असा बोंबललास, की तुझ्या आईनं समोरच्या बेकरीतून पाव आणून तोंडात कोंबला. आता मिशा आल्या, कमरेला पिस्तूल आलं. नाही, बोलू नकोस, रेजी. आधी माझं हे होऊ दे. दगड अर्धवट टाकून उठता येत नाही, एका अंगानं बसतो आणि एका अंगानं उंच राहतो, मग परत पहिल्यापासून.

काय करतोय म्हणजे? धारेचा दगड सपाट करतोय, दिसत नाही? ही काच, काचेवर ओला पॉलिश पेपर, आणि दगडावर पेन्सिलीच्या रेघा — उभ्या, आडव्या. आता घासायचं. उंचावरच्या रेघा आधी जातात, खळग्यातल्या तशाच राहतात, लबाड असतात. शेवटची रेघ गेली की समजायचं सपाट झाला. दगडाला खळगा असला ना, की वस्तरा नीट टेकत नाही, टोकं तेवढी झिजतात आणि मधे धार येतच नाही — वरून चकचकीत दिसतो, पण गालावर फिरवला की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं. तर ह्या रेघा जाईपर्यंत तू गप्प बसायचंस. तुझे केस कापायचे पैसे तुझ्या बापाकडून मी कधी घेतले नाहीत, त्याच्या बदल्यात एवढं ऐक.

हा खळगा कुणाचा, सांगू? आमच्या लूसियाँचा. दुसऱ्या कुणाचा असणार! थंडीत माझ्याबरोबर दुकानात, उन्हाळ्यात शिंपले काढायच्या बोटीवर, आणि दोन्हीकडे घाई. वस्तरा घेतला की घास मधोमध, घास मधोमध. अरे, दगडाला कडा पण असतात, त्यांनी तुझं काय घोडं मारलंय — मी घसा कोरडा करायचो. त्यावर हसायचा. ‘बाबा, सपाट करायला तुम्ही आहात ना.’ आहेच मी. लग्नाचा झाला तरी बापानंच निस्तरायचं. येऊ दे आज, दाखवतो त्याला... काल यायची होती बोट. वारा सुटला म्हणून कुठंतरी आडोशाला थांबले असतील, असं होतं. त्याच्या आईनं, आमच्या ओडेतनं, तर सकाळपासून बटाटे किसायला घेतलेत, किसायचे, फडक्यात पिळायचे, कोंबडी घालून भाजायचे, ती राप्यूर नाही का — त्याला आवडते म्हणून. तू घरी नाही ना गेलास आधी? तिच्याकडे? ... नाही. शहाणा आहेस. बापावर गेलास.

हो, पांढराच आहे हा. बारीक दगड आहे, सगळ्यात शेवटी ह्याच्यावर घ्यायचं. लूसियाँला स्वतःच्या वस्तऱ्याला हाच लागायचा, लाडाचा ना. मी नाही काढत रोज. रोजच्या गिऱ्हाइकांना तो काळा पुरतो. हा आपला फक्त डूसेच्या कामाला — म्हणजे — डूसे मयताची तयारी करतो, मला दाढीला बोलावतो, तुला ठाऊकच आहे. जित्या माणसाला कापलं तर काय, रक्त येतं, तुरटी फिरवली, दोन शिव्या खाल्ल्या, भागलं. मेलेल्याचा ओरखडा भरत नाही, रेजी. तपकिरी होतो आणि तसाच राहतो. आणि आया असतात ना, त्या पेटीशी बसून तोंडच बघत राहतात. त्यांना सगळं दिसतं. म्हणून त्या कामाला दगड असा लागतो, की —

असा बघू नकोस माझ्याकडे. कुणासाठी काढला म्हणजे? कुणासाठी नाही! पडून होता, काढला. दगड काढायला गावात कुणी मरायलाच पाहिजे का? कुणीही मेलेलं नाहीये. तू काहीही बोललेला नाहीस अजून, आणि बोलायचंही नाहीये, रेघा आहेत अजून. ही बघ. ही काय, इथं कडेला. ... गेली? मग परत ओढू. परत ओढायच्याच असतात, एकदा करून खात्री होत नाही. अशा उभ्या. अशा आडव्या. पेन्सिल कुठं — दे ती पेन्सिल इकडे. दे म्हणतो!

सोड हात.

सपाट झालाय, मलाही दिसतंय. मी काय आंधळा आहे? सकाळीच झाला. डेनीची बोट धक्क्याला लागली, आणि डेनी, जो रोज रस्त्यावरून ‘आन्सेल्म, अजून जिवंत आहेस का रे म्हाताऱ्या’ म्हणून ओरडतो, तो मान खाली घालून पलीकडच्या बाजूनं निघून गेला. मी खिडकीतच उभा होतो. तेव्हाच हा दगड काढला. हात आपणहून गेला, मी नाही ठरवलं. तेव्हापासून रेघा ओढतोय आणि घालवतोय. पहिल्या घासण्यातच जरा थांबायला पाहिजे होतं, तो खळगा तेवढा राहिला असता. त्याच्या हाताचं ह्या दुकानात तेवढंच होतं, तेही मी घासून टाकलं. फार वाईट वाटतंय मला, रेजी. फार वाईट वाटतंय.

सापडला का? तोंडानं नको सांगू, नुसती मान हलव.

... सापडला. बरं. बरं झालं. थिबोदोंना त्यांचा पोरगा समुद्रातून मिळालाच नाही, रिकामी पेटी पुरली त्यांनी, त्यांची म्हातारी अजून धक्क्यावर जाऊन उभी राहते. ओडेतला तसं नाही करावं लागणार.

तिला मी सांगीन. तू नको, तुझ्या अंगावर हे कपडे आहेत. बटाटे किसून होऊ देत तिचे, मग जातो. आणि हे बघ, तू इथून नीट डूसेकडे जा. त्याला म्हणावं, आंघोळ घाल, कपडे चढव, पण दाढीला हात लावायचा नाही. पोराच्या हनुवटीखाली डावीकडे भोवरा आहे. केस उलटे येतात तिथं, खालून वर घ्यावं लागतं, तेही कातडी ताणून. तो स्वतः दर वेळी कापून घ्यायचा. डूसेला ते जमणार नाही, कुणालाच जमणार नाही. म्हणावं, आन्सेल्म येतोय वस्तरा घेऊन, तोवर थांब.

काय बघतोस? ऊठ. जा आता, मला धार लावायची आहे. आणि दार ओढून घे जाताना, वाऱ्याबरोबर वाळू आत येते, एक कण जरी दगडावर पडला तरी धारेला ओरखडा येतो.