हिरवा ठिपका

बसथांब्यावर माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. मुलगी मोबाईलला चिकटलेली.

“आई, हा हिरवा ठिपका बघ. दादाचा लॅपटॉप आपल्या घरच्या सर्व्हरवर आलाय.”

“अगं, दुसरंच कुणी घुसलं असेल.”

“घुसेल कसं? आपलं खाजगी नेटवर्क आहे. मी जोडलेल्या मशीनांनाच सर्व्हर दिसतो, बाहेरच्याला दारच नाही.”

“पण तो भांडून गेला तेव्हा बाबा म्हणाले होते ना, त्याला काढून टाक?”

“म्हणाले होते. मी कुठे काढलं?”

“गुणाची गं माझी ती. काय करतोय?”

“फोटो उघडतोय. बाबांच्या ऑपरेशननंतरचे.”

“सगळे?”

“एकेक करून.”

आई मोबाईलवर वाकली.

“आई, ऊठ, बस आली.”

“जाऊ दे ती. तो आत आहे तोवर मी इथनं हलायची नाही.”