चहा नंतर, बातमी आधी

…अकरा चौकटी हो, एका बातमीला अकरा! तुम्हाला सांगते, असोद्यात चार दिवस नळाला पाणी नाही, एवढीच माझी बातमी, आणि प्रेमराजभाऊंचं नवं अ‍ॅप विचारतंय, बातमीचा प्रकार निवडा, मग उपप्रकार, मग म्हणे वाचकाला काय वाटेल… काय वाटेल? शिव्या देईल. मी तेच लिहिलं. शाळेत मी गेले नाही, पुड्यांचे कागद वाचून शिकले, पण विचारलेल्याचं उत्तर देते.

प्रेमराजभाऊ म्हणजे जळगावच्या आमच्या न्यूज पोर्टलचे संपादक. दर तीन महिन्यांनी त्यांना काहीतरी नवं सुचतं. आम्ही बारा गावांचे बारा वार्ताहर, आम्हाला शिकवायला पुण्याहून माणूस आणला, त्यानं पडद्यावर बाण दाखवले, भाऊंनी पोहे दिले. पोहे संपले, बाण विसरले. महिनाभर अ‍ॅपमध्ये बातमी माझ्या एकटीची, बाकीचे अकरा आपले व्हॉट्सअ‍ॅपवर! शेवटी भाऊ म्हणाले, "अक्का, सोमवारपर्यंत सगळे अ‍ॅपवर आले नाहीत तर गावांचं पान बंद."

बंद? मग असोद्याचं पाणी कोण सांगणार, तो पुण्याचा बाण?

शाळेत मी गेले नाही, पण फोन लावता येतो. रोज पाचला एकेकाला धरलं. पहूरचा रुपचंद म्हणे, रेंज नाही. मग माझा फोन कसा उचललास रे? धरणगावचा अभिमन म्हणे, "अक्का, मना फोन जुना शे." म्हटलं, मी त्याच्याहून जुनी, चालतेय ना? कोणी म्हणे, चहा घेतो आणि टाकतो. "चहा नंतर, बातमी आधी!" सोमवारी बाराच्या बारा हजर.

आणि भाऊंनी काय केलं? धुळ्याच्या सभेत भाषण ठोकलं… सोपी रचना, आधुनिक प्रशिक्षण, म्हणून बदल रुजला म्हणे. माझं नाव? छे. मी पहिल्याच रांगेत. खोकले. मग आणखी जोरात खोकले. तेव्हा कुठे परतीच्या गाडीत ओशाळून म्हणाले, अक्का, तुमचं ते चहाचं वाक्य अ‍ॅपमध्ये घालू? रोज पाचला सगळ्यांच्या फोनवर वाजेल. मी अशी फुगले, दणक्यात रेकॉर्ड करून दिलं.

शाळेत मी गेले नाही, ते इथे नडलं बघा. सगळ्यांच्या म्हणजे माझ्याही, हे ध्यानातच आलं नाही! काल पाचला बशी ओठाला लावली, एवढ्यात फोन खेकसला, "चहा नंतर, बातमी आधी!"

…ठेवली बशी खाली. त्या बाईपुढे कोणाचं चाललंय?